हाकेची वाट

ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत, महापे-रबाळ्याच्या गाळ्यांमध्ये, तळहाताएवढे हिरवे बोर्ड टेबलांवर उघडे पडलेले असतात. त्यांच्यावर लिनक्स चालते. एखाद्या बोर्डाच्या एका पिनला वायर जोडलेली असते. वायरीच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्याशा इमारतीच्या तळघरात पाणी जमणाऱ्या खड्ड्यात, म्हणजे संपमध्ये, फ्लोट स्विच. पाणी खुणेपर्यंत चढले की स्विच मिटतो आणि पिनवरचे 3.3 व्होल्ट शून्यावर येतात. प्रोसेसरने त्या क्षणी हातातले काम बाजूला ठेवून तिकडे पाहावे आणि पंप सुरू करावा. याला इंटरप्ट म्हणतात.

अपेक्षा एका ओळीत सांगता येते. अशाच अपेक्षा पुऱ्या व्हायला वेळ लागतो.

ड्रायव्हर कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, इंटरप्ट मागतो. कर्नल तो विनातक्रार देतो. ‘प्रॉक’खालच्या ‘इंटरप्ट्स’ या फाइलमध्ये नावाची ओळ उमटते. प्रत्येक ओळीपुढे आजवर किती वेळा हाक आली त्याचा आकडा असतो. टायमरचा आकडा लाखांत धावत असतो. नव्या ओळीपुढे शून्य. फ्लोट हाताने वर उचलला तरी शून्य. सोडला तरी शून्य.

चुकीचा संदेश आला असता तर बरे वाटले असते, अशी वेळ येते. नकाराला निदान पत्ता असतो. मौनाची कारणे दहा असली तरी चेहरा एकच. म्हणून ज्याला उत्तर मिळत नाही तो स्वतःच्या हाकेतच दोष शोधू लागतो. तिथे तो बहुधा नसतो.

वाट लांब असते, आणि दोष वाटेत असतो.

एका पिनला अनेक कामे येतात. तीच पिन सीरियल पोर्टची असू शकते, घड्याळाची असू शकते, नुसती आत-बाहेर करणारी असू शकते. आज ती काय आहे हे चिपमधल्या एका रजिस्टरातले दोन-तीन बिट ठरवतात. ते बिट काय असावेत हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलीत लिहिलेले असते. सीआरओचा, म्हणजे ऑसिलोस्कोपचा, प्रोब लावला तर सिग्नल स्वच्छ दिसतो. चिपच्या पायापर्यंत हाक पोहोचलेली असते. पण पिनची नेमणूक दुसऱ्या खात्यात झालेली असते आणि त्या खात्याला पाण्याशी कर्तव्य नसते.

माणसांची लायकी तपासण्यात वर्षे जातात. नेमणूक कोणी तपासत नाही.

नेमणूक ठीक निघाली तरी पुढे टप्पे आहेत. अनेक चिपांत 32 पिनांचा एक गट असतो. त्या सगळ्यांची मिळून एक लाइन मुख्य इंटरप्ट कंट्रोलरकडे जाते, तिथून प्रोसेसरकडे. प्रत्येक टप्प्याला हाक अडवणारा स्वतःचा मास्क आहे, आणि यंत्र सुरू होते तेव्हा हे मास्क लागलेले असतात. ऐकण्याची तयारी होईपर्यंत ऐकायचे नाही, हा शहाणपणा यंत्रांना जन्मतः दिला जातो. माणसांना तो कमवावा लागतो, आणि कमावल्यावर त्याला तुसडेपणा म्हणतात.

मग क्रमांकांचा गोंधळ. आर्मच्या कंट्रोलरमध्ये पहिले 32 क्रमांक प्रोसेसरच्या घरगुती कामांसाठी राखलेले आहेत. बाहेरच्या उपकरणांची मोजणी त्यापुढे सुरू होते. डिव्हाइस ट्रीत मात्र ती पुन्हा शून्यापासून करतात. चिपच्या पुस्तकात 96 असेल तर ट्रीत 64 लिहायचे. काही पुस्तकांत ही वजाबाकी आधीच केलेली असते, काहींत नसते, आणि पुस्तक ते सांगेलच असे नाही. यानंतर कर्नल त्याच लाइनला स्वतःचा तिसराच क्रमांक देतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फसतो तो प्रामाणिकपणे उतरवून घेणारा. आणि चुकीच्या क्रमांकावर कान लावून बसणाऱ्याला कोणी उठवत नाही. तो तिथे कितीही वेळ बसू शकतो.

हाक कशी यावी हेही आधी सांगून ठेवावे लागते. चढती एज 1, उतरती एज 2, वरची लेव्हल 4, खालची लेव्हल 8. हे आकडे डिव्हाइस ट्रीत लिहिले जातात. फ्लोट स्विचसारख्या कित्येक उपकरणांची लाइन एरवी वर असते आणि हाक मारताना खाली येते. आवाज चढला म्हणजेच हाक, असे मानणारा इथे चुकतो. घरातले सतत बोलणारे माणूस एके दिवशी गप्प होते. ती उतरती एज असते. बहुतेकांनी आपला कान चढत्या एजवर लावलेला असतो.

मुंबई विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पिढ्यांनी यातले बरेचसे 8085 वर पाहिलेले आहे. 1976 सालचा हा प्रोसेसर. त्याला बाहेरून येणारे पाच इंटरप्ट: ट्रॅप, आरएसटी 7.5, 6.5, 5.5 आणि आयएनटीआर. एक स्वीकारला की तो बाकीच्यांना दार लावून घेतो. परतताना ‘ईआय’ ही सूचना देऊन ते दार पुन्हा उघडावे लागते. प्रयोगशाळेत ती विसरलेला प्रोग्रॅम हमखास सापडतो. किटवरची की पहिल्यांदा दाबली की डिस्प्ले बदलतो. दुसऱ्यांदा काही होत नाही. विद्यार्थी की खराब आहे म्हणतो.

पहिल्या भेटीतले अगत्य सगळ्यांनाच जमते. माणसाची पारख त्याने निघताना दार उघडे ठेवले की नाही यावरून व्हावी.

त्या पाचांतला ट्रॅप मात्र झाकता येत नाही. वीज जात असल्याची सूचना त्यावर देण्याचा प्रघात होता. प्रत्येक व्यवस्थेने कुठल्या तरी एका हाकेपुढे स्वतःला निरुपाय ठेवलेले असते. ती हाक कोणती, यावरून व्यवस्थेला कशाची भीती वाटते ते कळते.

खरा घोटाळा एज आणि लेव्हल यांच्यात होतो. एज म्हणजे बदलाचा क्षण: पाणी खुणेवर चढले. लेव्हल म्हणजे स्थिती: पाणी खुणेच्या वर आहे. वाचताना दोन्ही सारखीच वाटतात.

जुलैतल्या एखाद्या रात्री वीज जाते. तळघरात पाणी झिरपत राहते. तासाभराने वीज येते, बोर्ड सुरू होतो, ड्रायव्हर उतरत्या एजवर इंटरप्ट मागतो आणि वाट पाहू लागतो. एज येत नाही. ती वीज नसताना येऊन गेलेली असते. फ्लोट वर आहे, पाणी आणखी चढते आहे, गाड्यांच्या चाकांना लागले आहे. आणि यंत्राच्या लेखी काहीही घडलेले नाही. ‘इंटरप्ट्स’मध्ये शून्य आहे, आणि यावेळी ते शून्य खरे आहे.

उपाय दोन ओळींचा. इंटरप्ट सुरू केल्यावर लगेच पिन एकदा वाचून पाहायची. ती आधीच खाली असेल तर हाक आलीच असे धरायचे. क्रम उलटा करून चालत नाही. आधी वाचून मग इंटरप्ट सुरू केला तर त्या दोहोंमधल्या फटीत पाणी चढू शकते. फट मायक्रोसेकंदांची असते. पाण्याला तेवढी पुरते. या दोन ओळी पुस्तक वाचून कोणी लिहीत नाही. एखादा पावसाळा पाहिल्यावर लिहितो.

जे आपल्या येण्याआधी घडून गेले त्याची हाक येत नाही. नवा अधिकारी रुजू होतो तेव्हा जुनी दुःखे शांत असतात; त्यांची एज आधीच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत येऊन गेलेली असते. सर्वत्र शांतता आहे, असा अहवाल तो वर पाठवतो. अहवाल खोटा नसतो. ज्यांचे दुःख जुने असते ती माणसे ओरडत नाहीत. ओरडत नाहीत म्हणून ती सुखी समजली जातात. त्यांना जाऊन विचारावे लागते, आणि विचारण्याची तरतूद आधीच कोणी केलेली असावी लागते.

लेव्हलचा दोष उलटा. कारण दूर होईपर्यंत ती हाक मारतच राहते. हाकेला ओ देणारा प्रोग्रॅमचा तुकडा, म्हणजे हँडलर, आला, त्याने ऐकले, पण ज्या उपकरणाने लाइन खाली ओढून धरली आहे त्याच्या रजिस्टरातली खूण पुसायला तो विसरला, तर बाहेर पडताक्षणी पुन्हा आत ओढला जातो. पुन्हा, आणि पुन्हा. प्रोसेसरला दुसरे काही करायला सवड उरत नाही. पडदा गोठतो, कीबोर्ड दाद देत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र बंद पडलेले दिसते. आत ते अखंड धावत असते.

समजूत काढून कारण तसेच ठेवणाऱ्यांचे आयुष्य असे जाते. ते आळशी असतात असे नाही. त्यांच्याइतके थकलेले कोणी नसते.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठी नवी मुंबई हे शहर वसवताना पावसाच्या पाण्यासाठी धारण तलाव ठेवले, कारण इथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. तलावांच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा त्या मिटतात; ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. तिथे एज नाही, हँडलर नाही, कोणी कोणाला कळवत नाही. जे घडते तेच कृती करते. कळवण्याची गरज न पडणारी रचना ही सर्वांत चांगली रचना, असे म्हणावेसे वाटते. मात्र तलावात गाळ साचतो, खारफुटी वाढते, पोटातली जागा कमी होत जाते. आणि हे कळवण्याची सोय झडपेत नाही.

काहीच न जोडलेली पिन गप्प राहील, अशी समजूत असते. ती गप्प राहत नाही. तिला पुल-अप रेझिस्टरने वरच्या व्होल्टेजला बांधलेले नसेल तर ती हवेतली वीज ऐकते. भिंतीतल्या वायरिंगचे 50 हर्ट्झ तिच्यात उतरतात आणि आकडा सेकंदाला पन्नासने वाढू लागतो. शेजारच्या गाळ्यात मोटर सुरू झाली की एकदम उडी मारतो. इतका वेळ शून्य पाहिलेल्याला याचा आनंद होतो. इंटरप्ट चालू झाला, असे तो दोघा-तिघांना सांगूनही येतो.

ज्याला कुठेही बांधलेले नाही तो सगळ्यांचे ऐकतो. त्याला लोक संवेदनशील म्हणतात. 10 किलोओहमचा एक रेझिस्टर लावला की ती संवेदनशीलता जाते आणि पिन उपयोगाची होते.

धातूला धातू टेकतो तेव्हा तो एकदाच टेकत नाही. काही मिलिसेकंद उसळत राहतो. स्विच एकदा मिटला, नोंदी दहा. माणूसही ‘हो’ म्हणताना काही काळ थरथरतो. त्या थरथरीतली प्रत्येक नोंद मत समजून जे धावत सुटतात, ते नंतर त्याला चंचल ठरवतात. थोडे थांबून पुन्हा पाहणे पुरेसे असते.

हँडलरला झोपण्याची परवानगी नाही. म्हणजे कशाचीही वाट पाहायची नाही. डिस्कची नाही, दुसऱ्याने धरलेल्या कुलपाची नाही. पाहिलीच तर कर्नल ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ अशी तक्रार नोंदवतो. त्याने खूण करायची, पोच द्यायची आणि निघायचे. खरे काम मागाहून, दुसऱ्या थ्रेडमध्ये, सवडीने. 2009 साली 2.6.30 या आवृत्तीत ही विभागणी कर्नलच्या रचनेतच आली.

पोच देणे आणि काम करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. कचेऱ्या ती एकाच माणसाकडे मागतात आणि दोन्हींना मुकतात. पोच मिळाली म्हणजे काम झाले, असे समजून समाधानाने घरी जाणारे अर्जदार मात्र या गैरसमजावर कचेरी चालू ठेवतात.

एकाच लाइनवर अनेक उपकरणे असू शकतात. हाक आली की कर्नल त्या लाइनवरच्या प्रत्येक हँडलरला विचारतो. प्रत्येकाने दोनपैकी एक उत्तर द्यायचे: माझी होती, किंवा माझी नव्हती. सगळी रचना या दुसऱ्या उत्तराच्या प्रामाणिकपणावर उभी आहे. न पाहताच ‘माझीच होती’ म्हणणारा एक हँडलर पुरे. मग बेवारस हाक कधीच उघडकीला येत नाही. ‘हे माझे काम नाही’ असे वेळेवर सांगायला लाजणाऱ्या भल्या माणसांनी जेवढी कामे बुडवली आहेत, तेवढी आळशांना जमलेली नाहीत.

कोणीच आपली म्हणत नसेल तर कर्नल मोजू लागतो. लाखभर हाकांपैकी 99,900 हून अधिक बेवारस निघाल्या की तो ती लाइन बंद करतो आणि कोणालाही पर्वा नव्हती, अशी नोंद करतो. हार्बर लोकलच्या डब्यातली साखळीही अशीच सर्वांच्या हाती दिलेली आहे. ती विनाकारण ओढणाऱ्याला 1989च्या रेल्वे कायद्याचे कलम 141 एक वर्षापर्यंतची कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. पण कायद्याची शिक्षा ओढणाऱ्याला आहे; साखळी जागेवर राहते. कर्नल लाइनच काढून घेतो. त्यानंतर तिच्यावरून खरी हाक आली तरी ती कोणाला ऐकू येत नाही, आणि त्या लाइनवर बसलेल्या निरपराध उपकरणांचीही नाही.

समाजाचे कायदे रेल्वेसारखे असतात. वागणे कर्नलसारखे असते. फरक असलाच तर कर्नल लाखापर्यंत थांबतो.

संगणकशास्त्रज्ञ एडस्गर डायक्स्ट्रा 1957च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये एक्स-1 या संगणकाच्या रचनेवर काम करत होता. सहकाऱ्यांनी इंटरप्टची कल्पना मांडली तेव्हा तो धास्तावला. पुढे त्याने ते मोकळेपणाने लिहूनही ठेवले. तोवर तो वापरत असलेली यंत्रे तेच काम दर वेळी तसेच करत. इंटरप्ट आला की ही हमी जाते. हाक कोणत्या दोन सूचनांच्या मध्ये येईल ते सांगता येत नाही, म्हणून आज झालेली चूक उद्या तशीच होईल याचा भरवसा नाही. अखेर त्याने कल्पना स्वीकारली, आणि 1959 सालचा त्याचा प्रबंध याच यंत्रावर, याच विषयावर आहे.

त्याच्या धास्तीचा अर्थ गाळ्यांमध्ये रोज कळतो. तिथले एक ठरलेले वाक्य आहे: इथे चालते, साइटवर चालत नाही. बोर्ड परत येतो, टेबलावर जोडला जातो, फ्लोट वर-खाली केला जातो. आकडा प्रत्येक वेळी एकाने वाढतो. बोर्ड निर्दोष ठरवून परत पाठवला जातो. तपासणाऱ्यासमोर नीट वागणे हा बिघाडाचा स्वभाव आहे. नुसत्या पाहण्याने माणसेही नीट वागतात. त्यामुळे पाहणाऱ्यांच्या मनात माणसांविषयी फार चांगले मत असते, आणि सोबत राहणाऱ्यांच्या मनात वेगळे.

इंटरप्टच्या आधीची रीत पोलिंगची. दर थोड्या वेळाने जाऊन पिन वाचायची. बदल झाला असेल तर कामाला लागायचे. यात वेळ जातो, वीज जाते, बहुतेक फेऱ्या फुकट जातात. पाठ्यपुस्तके तिला अडाणी समजतात. बोलावले की येईन, हा विश्वास झाला. न बोलावता येऊन पाहणे ही काळजी झाली. विश्वासाची किंमत कमी पडते आणि तो दिसायलाही डौलदार असतो. हाक मारणाऱ्याच्या अंगात हाक मारण्याचे बळ असेल, हे मात्र त्यात गृहीत धरलेले असते. वायर तुटली, मास्क लागला, लाइन बंद झाली, तर विश्वास ठेवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्याच्या दृष्टीने सगळे ठीक चाललेले असते.

महाप्यातून बाहेर पडणाऱ्या बोर्डांत इंटरप्ट असतो आणि तो चालतो. पाणी चढते, आकडा वाढतो, हँडलर पोच देतो, पंप सुरू होतो. त्याच प्रोग्रॅममध्ये खाली कुठेतरी दर मिनिटाला एकदा पिन वाचून पाहणाऱ्या चार-पाच ओळीही सापडतात. मॅन्युअलमध्ये त्यांचा उल्लेख नसतो. रिव्ह्यूला त्या सगळ्यांच्या नजरेखालून जातात आणि तशाच राहतात.